दाजींची मेणातली मोटारसायकल

दाजींना दोन शर्टांतून एक निवडायला सांगितलं, की ते दोन्ही शर्ट घेऊन खिडकीच्या उजेडात जातात, तिथे बराच वेळ उभे राहतात आणि शेवटी अंगात आहे तोच शर्ट घालून बाहेर पडतात. माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीत बसते. कोणाला कुठल्या मजल्यावर धाडायचं, हे ती माणूस खिडकीपाशी पोचायच्या आत ठरवून मोकळी होते. या दोघांचं लग्न कसं जमलं, असं कुणी विचारलं की ताई म्हणते, "मी ठरवलं म्हणून जमलं. यांच्यावर सोडलं असतं, तर आम्ही अजून चहा-बिस्किटांवरच असतो."

दाजी कवळ्या बनवतात. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली आहे, तिथे ते आणि मी काम करतो. डॉक्टरीणबाई तोंडाचं माप घेऊन आत पाठवतात, दाजी त्याचा प्लास्टरचा साचा ओततात, दात लावतात आणि शेवटी घासूनपुसून चकाकी आणायचं काम माझं. मी त्यांची मेव्हणी असले तरी खोलीत मी कामगार आणि ते मालक. अर्थात ओरडते मीच. मालकांना कुणावर ओरडायचं, हे ठरवता येत नाही.

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. कवळी पक्की करण्याआधी दात मेणात बसवतात आणि ती मेणातली कवळी पेशंटच्या तोंडात घालून बघतात. त्याला हसायला लावतात, बोलायला लावतात. दाजी सगळ्यांना 'सासूबाई सावकाश फाटक सरकवतात' असं म्हणायला लावतात, कारण स आणि फ नीट आले की बाकीची अक्षरं आपोआप येतात. मेण मऊ असतं, तोवर एखादा दात आत-बाहेर करता येतो. एकदा पक्की झाली की मग काही हलत नाही. हे सगळीकडेच करतात, पण दाजींचे त्यात स्वतःचे दोन नियम आहेत. घरचं माणूस सोबत हवं, कारण तो चेहरा रोज बघायचा असतो त्यालाच. आणि घरच्यांनी कितीही वाहवा केली, तरी पेशंटने स्वतः 'हो, हीच हवी' असं म्हटल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. नुसती मान हलवलेली चालत नाही. एका आजींनी 'चालेल हो' म्हटलं, तर यांनी त्यांना परत पाठवलं. म्हणाले, "चालेल म्हणजे नको असतं."

कवळ्यांपुरतं हे ठीक होतं. पण दाजींनी तीच पद्धत घरात आणली. सोफा घ्यायचा होता, तेव्हा त्यांनी सोफ्याच्या मापाची वर्तमानपत्रं जोडून जमिनीवर पसरली आणि आम्हाला सांगितलं, की यावर पाय न ठेवता राहून बघा. आम्ही राहून बघितलं. सोफा अजून आलेला नाही. वर्तमानपत्रं मात्र रद्दीत गेली, तेव्हा मला उगाच चुकल्यासारखं वाटलं.

तर अशा माणसाने एका संध्याकाळी घरी येऊन, बूटही न काढता, सांगितलं, "एक मोटारसायकल विकाऊ आहे."

ताई भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"जुनी आहे," दाजी म्हणाले. "म्हणजे आपल्या लग्नाच्याही आधीची. आता तशा बनत नाहीत."

"चालते?"

"चालत नाही. पण स्वस्त आहे."

"चालत नाही ती स्वस्तच असणार! मेलेला बैल महाग विकतात का कुणी?"

किंमत ऐकल्यावर मात्र ताईने सुरी पुन्हा उचलली. आमच्याकडच्या एका पूर्ण कवळीपेक्षा ती मोटारसायकल स्वस्त होती. पण ताईला संशय पैशांचा नव्हताच. तिने मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "रविवारी यांच्याबरोबर जा. हो म्हणू देऊ नकोस." मी म्हटलं, "ताई, दाजींना हो म्हणता येतं का कधी?" तर ती म्हणाली, "बूट न काढता आत आले आज. मला लक्षण बरं दिसत नाही."

गाडी एका म्हाताऱ्या बेकरीवाल्या काकांची होती. बेकरी कधीच बंद झाली होती. बायको वारली होती, आणि आता मुलगी त्यांना आपल्याकडे राहायला नेणार होती. मुलीचं घर तिसऱ्या मजल्यावर. तिथे बाप मावत होता, मोटारसायकल मावत नव्हती. घर रिकामं करायच्या दिवसापर्यंत गिऱ्हाईक मिळालं नाही, तर भंगारवाला ठरलेलाच होता.

अंगणात भिंतीला टेकून ती उभी होती. वर ताडपत्री, ताडपत्रीवर पाव ठेवायचे रिकामे ट्रे. काकांनी ते सगळं असं काही हळूच उतरवलं, जसं झोपलेल्या मुलाच्या अंगावरचं पांघरूण काढावं. खाली काय होतं? गंज होता. गंजाला चाकं होती. टाकीचा रंग कधीकाळी हिरवा असावा. टाकीचं झाकण हरवलं होतं आणि त्या जागी चिंधी गुंडाळलेला बूच बसवला होता. मी किक मारून बघितली, तर किकऐवजी माझा गुडघाच वाजला. दाजींनी मात्र गाडीला हात लावायच्या आधी दोन्ही हात रुमालाला पुसले.

"इंजिन जाम आहे," काका मोकळेपणाने म्हणाले. "खोटं कशाला सांगू? पण आवाज ऐकायचाय?"

जाम इंजिनाचा आवाज कसा ऐकवणार, असं मी विचारणार तोच काकांनी टोपी काढली, सीटवर बसले, हँडल धरलं आणि तोंडाने सुरुवात केली. डुगुडुगुडुगु, डुगुडुगुडुगु. आधी हळू, मग गाडी चढाला लागल्यासारखी जड. अंगावर काटा यावा इतकं हुबेहूब. फक्त मधेमधे एक 'कट्' यायचा. डुगुडुगु-कट्, डुगुडुगु-कट्. तिसऱ्या गिअरला काकांची वरची कवळी सुटून खालच्या दातांवर आपटत होती.

मी दाजींकडे बघितलं. ते गाडीकडे बघतच नव्हते. ते काकांच्या जबड्याकडे बघत होते.

"ही कधी बनवली?" त्यांनी विचारलं.

"गाडी का? गाडी तर..."

"कवळी."

आणि मग झालं असं, की आम्ही मोटारसायकल बघायला गेलो आणि कवळीची ऑर्डर घेऊन परत आलो. ताईने डोक्याला हात लावला. "विकायला बसलेल्या माणसालाच गिऱ्हाईक करून आलात?" दाजी म्हणाले, "अगं, हिरड्या सोलवटल्या आहेत त्यांच्या. आधी ते होऊ दे. गाडीचं मग ठरवू." मला वाटलं, सुटलो. कवळी होईपर्यंत गाडी भंगारात जाईल, आणि ठरवायचा प्रश्नच मिटेल.

पण दुसऱ्या दिवशी दाजींनी घरातली शिडी काढली. जिन्याखालच्या बोळात दोन स्टुलांवर ती आडवी ठेवली, वर उशी बांधली आणि हँडल म्हणून पुढे झाडू आडवा बांधला.

"हे काय आहे?" ताईने विचारलं.

"मोटारसायकल," दाजी म्हणाले. "मेणातली. राहून बघा."

आम्ही राहून बघायला लागलो. पहिल्याच दिवशी ताईचा पदर झाडूत अडकला. कुरिअरवाला सही घ्यायला आला, तो झाडूकडे बघत राहिला, तर ताईने त्याला सांगितलं, "मोटारसायकल आहे. तुमचं काय अडलंय?" शेजारी भाड्याने राहणारे मास्तर एकदा वाकून बघून गेले. झाडू बांधून ठेवल्यामुळे केर काढताना माझे हाल झाले ते वेगळेच. मी रोज शिडीला शिव्या घालायचे आणि रोज त्याच शिडीवर बसून मैत्रिणीशी फोनवर बोलायचे. बसायला ती जागा बरी होती, हे मला कबूल करायचं नव्हतं. ताई तर ओले पंचे-टॉवेल सर्रास तिच्यावर वाळत टाकू लागली.

मधे एक मेकॅनिकही बघून आला. दाजींनी मोठ्या आशेने विचारलं, तर तो म्हणाला, "उघडल्याशिवाय काय झालंय ते कळणार नाही. आणि उघडल्यावर कळून उपयोग नाही." दाजींनी या वाक्यावर दोन दिवस विचार केला. जेवताना मधेच घास हातात धरून म्हणायचे, "म्हणजे तो नको म्हणाला असं नाही." आम्ही सगळे त्यांना सल्ले देऊन दमलो. मी घेऊ नका म्हटलं, की ते मान हलवायचे. डॉक्टरीणबाई घ्या म्हणाल्या, तरी ते मानच हलवायचे. ताई तर काहीच म्हणत नव्हती, आणि ती गप्प बसली की घरातली भांडीसुद्धा जपून वाजतात.

मग काकांच्या मेणातल्या कवळीचा दिवस आला. काका केस चोपून विंचरून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. एकटेच.

"घरचं कोण आलंय?" दाजींनी सवयीने विचारलं आणि विचारल्यावर जीभ चावली.

"मागच्या वेळेला आमची ही आली होती," काका म्हणाले. "इथे नाही, दुसरीकडे. डॉक्टर म्हणाले, पांढरेशुभ्र दात लावू. ही म्हणाली, बेकरीवाला आहे, नट नाही. जरा पिवळट द्या." मग ते माझ्याकडे वळले. "तू बघतेस का, मुली? तूच सांग."

मला एरवी कुणी काही विचारावं लागत नाही, मी आपणहून बोलते. पण त्या दिवशी आधी हातातलं काम बाजूला ठेवलं. मी त्यांचा चेहरा नीट बघितला, समोरून बघितला, बाजूने बघितला. पुढचा एक दात जरा जास्तच सरळ होता. मी म्हटलं, "हा इतका शहाण्यासारखा उभा नको. थोडा वाकडा करा." दाजींनी मेण गरम करून तो दात केसभर वळवला. काकांनी आरसा हातात घेतला, 'सासूबाई सावकाश फाटक सरकवतात' अगदी स्वच्छ म्हणून दाखवलं आणि म्हणाले, "हो. हीच हवी." मी धुवायचं निमित्त करून नळाशी गेले आणि तिथे जरा रडून घेतलं. यात लपवण्यासारखं काही नाही.

त्याच आठवड्यात ताईला कपडे धुताना दाजींच्या खिशात एक गुलाबी गोळा सापडला. हिरडीच्या रंगाचा, गुळगुळीत, वाटोळा. तिला वाटलं कुणाच्या तरी जबड्याचा तुकडा आहे. ती किंचाळतच तो माझ्याकडे घेऊन आली. मी उलटून बघितला, तर आतून आटे पाडलेले. टाकीचं झाकण होतं ते. आमच्याकडे कवळीचा जो गुलाबी माल असतो, त्यातून दाजींनी बनवलं होतं. मला पत्ता लागू न देता. वर पॉलिशसुद्धा केलं होतं, माझ्यापेक्षा चांगलं.

ताई बराच वेळ ते झाकण हातात फिरवत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे हातांनी ठरवून झालंय. तोंडाचं तेवढं राहिलंय."

"मग तू हो म्हणून टाक की," मी म्हटलं.

"मी का म्हणू?" ताई एकदम उसळली. "लग्न मी ठरवलं, घर मी ठरवलं, यांचा चष्मा मी ठरवला. आयुष्यात एक गोष्ट या माणसाला स्वतःहून हवीशी वाटली आहे. तीही मीच ठरवली, तर त्यांचं काय उरलं त्यात?" तिचे डोळे भरले होते. मला तोवर वाटत होतं, की ताईला गाडी नको आहे. आधी नकोच होती. पण आता तिला नवऱ्याच्या तोंडून एक शब्द हवा होता आणि तो येत नव्हता, म्हणून ती धुमसत होती. झाकण तिने परत शर्टाच्या खिशात ठेवलं आणि शर्ट न धुता तसाच खुंटीला लावला.

काकांना न्यायचा रविवार उजाडला. दाजी नवी कवळी डबीत घालून निघाले, तर ताईही चपला घालून तयार. "कवळी बसते का ते बघायला येते," ती म्हणाली. असल्या कामाला ती आजवर कधी आलेली नाही.

अंगणात टेम्पो उभा होता. काकांची मुलगी गाद्या बांधत होती. भंगारवाला काटा घेऊन आला होता आणि मोटारसायकलच्या मागच्या चाकाला लाथ मारून अंदाज घेत होता. दाजींचा चेहरा असा झाला, की जणू लाथ त्यांनाच बसली. पण बोलले? नाव नको. त्यांनी डबी उघडली आणि कवळी काकांना दिली.

कवळी झकास बसली. काका हसले, मुलीने हात जोडले. "आता ऐका," काका म्हणाले आणि सीटवर चढले. डुगुडुगुडुगुडुगु. एकसारखं, गुळगुळीत, कुठे अडकणं नाही, आपटणं नाही. मला दाजींच्या कामाचा अभिमान वाटला. पण काका मधेच थांबले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबले.

"हा नव्हे," ते म्हणाले. "आमचा आवाज हा नव्हे."

दाजी लगेच पुढे झाले. "कुठे टोचतेय का?"

"कवळी छान आहे हो. पण त्यात तो कट् नाही." काका टोपीशी चाळा करत राहिले. "गाडी बंद पडली ना, त्यानंतर मी बाहेरून आलो की दारात उभा राहून हा आवाज करायचो. ही आतून ओरडायची, आले वाटतं, तेल घाला त्या गाडीला! तेल म्हणजे त्या कटकटीला. मग दार उघडायची."

काकांच्या मुलीने गादीची दोरी सोडली आणि उगाच पुन्हा बांधली. मग काकांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली जुनी कवळी काढली, पाठ करून बदलली आणि वळले. डुगुडुगु-कट्. डुगुडुगु-कट्.

ताई हसायला लागली. इतके दिवस धुमसत असलेली माझी ताई पोट धरून हसली आणि हसताहसता पदराने डोळे पुसायला लागली. मग तशीच दाजींकडे वळली.

"अहो, घरच्या माणसाने बघितलं. मला आवडली. आता पेशंटने सांगायचं."

दाजींनी मान हलवली.

"मान चालत नाही. नियम तुमचाच आहे."

भंगारवाला काटा हातात धरून ताटकळत होता. दाजी एकदा ताईकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता हे दोन्ही शर्ट घेऊन उजेडात जातात. पण ते गाडीपाशी गेले. काका उतरले आणि दाजी सीटवर बसले. खिशातून ते गुलाबी झाकण काढलं, बूच उपटून टाकीवर फिरवून बसवलं. ते नेमकं बसलं. गंजलेल्या हिरव्या टाकीवर हिरडीसारखं गुलाबी झाकण, इतकं भयंकर दृश्य मी दुसरं पाहिलेलं नाही. मग त्यांनी हँडल धरलं, तोंड उघडलं, आणि जन्मात कधी मोठ्याने न बोललेले आमचे दाजी, बायको, मेव्हणी, परकी मुलगी आणि भंगारवाला यांच्यासमोर, आधी पुटपुटत आणि मग छाती भरून म्हणू लागले: डुगुडुगुडुगु! डुगुडुगुडुगु!

"म्हणजे नक्की ठरलं काय?" भंगारवाल्याने विचारलं.

"ऐकू आलं नाही का?" ताई म्हणाली. "गाडी चालू झाली. सरका बाजूला."

दाजी धापा टाकत थांबले. कान लाल झाले होते. "हो," ते ताईला म्हणाले. "हीच हवी." ताईने फक्त त्यांची कॉलर सरळ केली.

टेम्पो आधी आमच्याकडे वळला. गाडी बोळात उतरवली, तेव्हा शिडी आत न्यावी लागली, आणि खरी मोटारसायकल मेणातलीपेक्षा वीतभर रुंद निघाली, कारण झाडूचा दांडा दाजींनी मापून घेतलाच नव्हता. आता जिन्याखालून आम्ही तिरकेच जातो. निघताना काकांनी रुमालातली जुनी कवळी दाजींच्या हातात ठेवली. "ही गाडीबरोबरची आहे. हिच्याशिवाय तिला आवाज नाही. घ्या."

मला वाटलं, दाजी ती घेऊन घरी येतील आणि कुठे ठेवायची याचा महिनाभर विचार करतील. पण त्यांनी काकांची मूठ त्या कवळीवर परत मिटली. "ही तुमच्याकडेच राहू द्या," ते म्हणाले. "रविवारी येताना घेऊन या." विचारलं नाही, सुचवलं नाही. सरळ सांगितलं. ताईने माझ्याकडे असं बघितलं, की जणू तिचा मुलगा पहिला आला.

मेकॅनिक येऊन गेला. अजून त्याचं तेच म्हणणं आहे. काका मात्र रविवारी येतात. आल्याआल्या आमच्या नळावर जुनी कवळी धुतात, नवी डबीत ठेवतात आणि बोळात जातात. दाजी मागे बसतात. थोड्या वेळाने जागा बदलतात.

परवा शेजारचे मास्तर तक्रार घेऊन आले. म्हणाले, "तुमची ती मोटारसायकल फार आवाज करते. आणि इंजिनात काहीतरी सैल झालंय, कट् कट् वाजतं. एकदा दाखवून घ्या."

"दाखवलंय," ताई म्हणाली. "ते तसंच ठेवायला सांगितलंय."

मग तिने आत वळून दोन कप चहा ओतला आणि बोळात नेऊन दिला.